बाराची टाळी

शाळेत त्यांना सगळे टाळीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. शेजारच्या वर्गाचे गुरुजी कुरकुरायचे, "बाई, तुमच्या टाळ्यांनी तुमचं गणित आमच्या मुलांना आधी पाठ होतं." बाई हसून दार लोटून घ्यायच्या.

लहानपणी वडिलांनी छडीच्या धाकाने त्यांच्याकडून पाढे घोकून घेतले होते. पाढे आले, पण गणिताची धास्ती काही जाईना. आपल्या वर्गात कुणाला ती धास्ती वाटू द्यायची नाही, हे त्यांनी नोकरीला लागतानाच ठरवलं. बाकी स्वभाव तिखट. न कळवता घरी बसणाऱ्याची तर दुसऱ्या दिवशी खैर नसे.

त्या गुरुवारी सामाईक विभाज्य चालले होते. बाई आकडे म्हणत होत्या. खिडकीकडच्यांनी दर चौथ्या आकड्याला टाळी द्यायची, दाराकडच्यांनी दर सहाव्याला. चार, सहा, आठ अशा सुट्या टाळ्या पडल्या आणि बाराला दोन्हीकडून एकदम असा दणका उडाला की पलीकडे गुरुजी खोकले.

"बाई, बारा वाजले!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला. पहिल्या बाकावरची मुलगी मात्र डोळे पुसत होती. लहानखुरी म्हणून बाई तिला चिमणी म्हणत.

"काय झालं गं?"

"आईला दर सहाव्या दिवशी सुट्टी असते." आई दवाखान्यात नर्स होती. "बाबा आता बस चालवतात. त्यांना दर चौथ्या दिवशी. गेल्या रविवारी दोघं घरी होते. आता चोवीस दिवसांनी."

"चोवीस कुठून काढलेस?"

"चार सक चोवीस. दादा म्हणाला, सरळ गुणायचं."

बाईंना गलबलून आलं. एवढंसं पोर, मनातल्या मनात आईबाबांची वाट मोजत बसलेलं.

"दादाचे चोवीस खोटे नाहीत," त्या म्हणाल्या, "पण वाटेत आधी काही लागतं का, ते त्याने बघितलंच नाही. ये इकडे."

त्यांनी तिला फळ्यापाशी उभं केलं. डावा हात बाबांचा, उजवा आईचा. रविवारनंतरचे दिवस सगळा वर्ग मोजू लागला. चारला डावा हात वर गेला, सहाला उजवा, आठला पुन्हा डावा. बाराला दोन्ही हात वर गेले आणि चिमणी ते खाली घ्यायचंच विसरली.

"म्हणजे पुढच्या शुक्रवारी?"

"मोज की. मला काय विचारतेस?"

तिने बोटांवर दोनदा मोजलं. दोन्ही वेळा शुक्रवारच आला.

त्या शुक्रवारी हजेरीत चिमणीच्या नावाला उत्तर आलं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आता उद्या तिची धडगत नाही, म्हणून मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाई हातात पेन धरून रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. एवढ्यात खिडकीकडून एक टाळी वाजली, दाराकडून दुसरी आणि मग कुणी न सांगता अख्ख्या वर्गाने एकदम टाळी दिली.

गुरुजी दारात आले. "अहो बाई, अजून हजेरीच चाललीय ना?"

"आज चिमणीकडे दोघंही घरी आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. पदराने ते टिपून त्यांनी पुढचं नाव घेतलं.