गाडीला वारा मिळेना

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याची पिकअप दोन दिवस वर्कशॉपमध्ये अडकून पडली. तिथल्या मेकॅनिकनं गाडीला लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, इंजिनात हवा किती जाते ते मोजणारा सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. पुतण्या घरी येऊन हे सांगत होता तेव्हा माझी बायको शेंगा सोलत बसली होती. "म्हंजे वाराच की," ती म्हणाली आणि पुढची शेंग फोडली. पुतण्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र थेट आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात जाऊन पोचलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट.

आमचं घर शुक्रवार पेठेत. वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, ज्वारीचा व्यापार. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणायची आणि सोलापुरात विकायची. त्यासाठी लिलावात घेतलेली एक जुनी पेट्रोलची पिकअप होती. ती मी चालवायचो. बॉनेटखाली काय असतं याच्याशी माझा संबंध पाणी घालण्यापुरता.

बायको अक्कलकोटची. तिच्या वडिलांचं तिथं गॅरेज होतं. लग्न ठरताना आप्पा म्हणाले होते, "माणसं चांगली हायत, पर धंदा तेलकट." ते कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. आमच्याकडं आल्यावर तिनं गॅरेजचं नाव कधी काढलं नाही. आप्पांशी ती थेट बोलतही नसे. काही सांगायचं झालं तर माझ्या आईला, म्हणजे अव्वाला सांगायची, आणि अव्वा ते आप्पांना सांगायची.

त्या वर्षी सुगीत गाडी दमायला लागली. रिकामी असली तर चालायची, पोती भरली की धापा टाकायची. पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायची. पेठेतल्या मिस्त्रीनं प्लग बदलले, पंप पाहिला, कार्बोरेटर दोनदा धुतला. त्याच्या दारात गाडी छान चालायची. रस्त्याला लागलो की पुन्हा तेच. "म्हातारी झाली. सुगी झाली की विकू," आप्पा म्हणाले.

अशात एकदा माल आणायला मी आणि आप्पा मंगळवेढ्याला गेलो. बायको तिथंच मावशीकडं बारशासाठी आठ दिवस राहिली होती, तिलाही परत आणायचं होतं. सासऱ्यांच्या शेजारी केबिनमध्ये कशी बसणार? ती मागं पोत्यांवर बसली.

बेगमपूर मागं टाकलं आणि पुढच्या चढाला गाडीनं दोन-चार आचके दिले आणि बंद पडली. भर दुपार. आप्पा उतरून बाभळीखाली जाऊन उभे राहिले. मी बॉनेट उघडलं. मिस्त्री उघडतो म्हणून उघडलं, एवढंच. प्लगचा पाना हातात घेऊन उगीच इकडं तिकडं बघत होतो.

बायको पोत्यांवरून खाली उतरली. थोडा वेळ लांब उभी राहिली. मग जवळ आली आणि हळूच कन्नडमध्ये म्हणाली, "इदक्के उसिरिल्ल." हिला श्वास मिळत नाही.

"तुला काय म्हाईत?" मी म्हणालो. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

"मागं बसून बघत होते की. निघाल्यापास्नं धूर काळाकुट्ट येतोय. पेट्रोल जातंय, वाराच जाईना झालाय."

तिनं इंजिनावरच्या गोल डब्याकडं बोट दाखवलं. एअर फिल्टर. मिस्त्री दरवेळी तो काढून बाजूला ठेवायचा, काम करायचा, गाडी चालवून दाखवायचा आणि शेवटी तो होता तसा परत बसवायचा. त्याच्या दारात गाडी का छान चालत होती ते मला तेव्हा कळलं.

तिनं बांगड्या वर सारल्या, वरचा नट हातानंच फिरवला आणि डबा सोडवला. तळाला तेल असतं, त्याचा चिखल झाला होता. वरच्या बाजूला काथ्याची गादी असते. सगळी सुगी गाडी खळ्याच्या कडेला उभी राहिलेली. त्या काथ्यात ज्वारीचा भुसा आणि धूळ अशी गच्च बसली होती की उन्हाकडं धरूनही आरपार काही दिसेना. तिनं ती सोडवायला बघितलं तर काथ्याचे हातातच तुकडे झाले.

"डबा न लावताच जाऊ," मी म्हणालो.

"नगं. हे तोंड उघडं ठिवून धुळीतनं न्हेली तर इंजिनच खाईल ती धूळ. पातळ कापड पायजे."

माझा रुमाल पुरेना. तिची नजर आप्पांच्या खांद्यावर गेली. धुऊन धुऊन विरलेला पंचा होता. मागायचा कसा? तिनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. आप्पांनी ते पाहिलं असावं. त्यांनाही कन्नड येत होतंच, सगळं ऐकलं होतं. ते पुढं आले, पंचा काढला आणि माझ्याकडं न देता तिच्यापुढं धरला.

"ह्ये चालंल का?"

ती घरात आल्यापासून आप्पा तिच्याशी थेट बोलले ते हे पहिलंच वाक्य.

ती खाली बघूनच म्हणाली, "चालंल. पर फाडावं लागंल."

"फाड की."

तिनं डबा पेट्रोलनं धुतला, पुसला, आमच्याकडच्या कॅनमधलं नवं तेल खुणेपर्यंत ओतलं. पंच्याची एकपदरी पट्टी गादीच्या जागी ताणून बांधली. मी किल्ली फिरवली. गाडी दुसऱ्या खेपेला सुरू झाली आणि चढ सरळ चढून गेली.

मैलभर गेल्यावर आप्पा म्हणाले, "थांबीव." मला वाटलं, पुन्हा काही झालं. ते उतरले, मागं गेले आणि तिला म्हणाले, "तू फुडं बस."

ती नको नको म्हणाली.

"मलाबी धूर बघायचाय," म्हणत ते पोत्यांवर चढलेसुद्धा. पुढं सोलापूर येईपर्यंत ती माझ्याशेजारी पदर तोंडावर ओढून, दाराला चिकटून बसली होती. पदराआड हसत होती.

सोलापुरात त्या गाडीचा फिल्टर मिळाला नाही. आप्पांनी स्वतः अक्कलकोटला व्याह्यांना पत्र लिहिलं. आठवड्यात एका जुन्या गाडीचा, पण गादी नवी भरलेला डबा एस.टी.नं आला. तो तिनं बोळातच बसवला. अव्वानं तिला नेसायला आपलं जुनं लुगडं दिलं आणि शेजारणींनी बघायला ओटे गाठले. आप्पा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. कुणी थबकलं की सांगायचे, "आमची सून हाय. अक्कलकोटच्या गॅरेजवाल्यांची लेक."

पुढं चार वर्षं गाडी चालली. सुगीत दर रविवारी परसात डबा धुवायचा, हे काम तिनं मला शिकवलं. मी धुवायचो आणि ती तपासायची. पहिल्या दोन-तीन वेळा तिनं तो परत धुवायला लावला.

गाडी विकली तेव्हा घेणारा कुंभारी गावाकडचा होता. तिनं त्याला डबा उघडून दाखवला, तेल कुठवर घालायचं, किती दिवसांनी धुवायचं, सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये आप्पांकडं बघत होता.

"माझ्याकडं काय बघता? ती सांगतीया ते ऐका," आप्पा म्हणाले.

मग त्यानं ऐकलं. गाडी बोळातून बाहेर पडली, वळणापलीकडं आवाज विरला, तोवर ती दारात उभी होती. अव्वानं आतून दोनदा हाक मारली, तेव्हा आत गेली.