नव्वद फूट दोर आणि एकही झाड नाही

"विंच चालला, शेठ. विंचची तक्रार नाय," भागवत म्हणाला आणि त्यानं रिमोट काउंटरवर ठेवला. रिमोटच्या वायरीत वाळलेली काळी माती अडकली होती.

मी तेव्हा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला हसवत होतो. हसवत हसवत माल विकणं ही माझी जुनी खोड. हसू तोंडावर तसंच ठेवून मी भागवतकडे वळलो.

"आणि आबा? आज नाही आणलंस त्यांना?"

"आबा गेले."

"कधी?"

"पोळ्याच्या आदल्या हप्त्यात. त्याच वाटंवर."

दुसऱ्या गिऱ्हाइकानं समजूतदारपणे आपला मोबाइल काढला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी भागवतला खुर्ची दिली. तो बसला नाही.

पुढचं सांगण्याआधी मी कोण ते सांगतो. बीड बायपासवर माझं दुकान आहे. जीप आणि तिच्या जातीच्या गाड्यांना लागणारं सामान मी विकतो आणि बसवतो: लोखंडी बंपर, जादा दिवे, उंच सस्पेन्शन, विंच. आमच्या घरात आजोबा पूजा सांगायचे, वडील आणि दोन्ही काका कचेऱ्यांमध्ये कारकून. ग्रीसमध्ये हात घालणारा मी एकटा निघालो. पण आजोबांचा आवाज आणि हातवारे वारशानं माझ्याकडेच आले, आणि ते मी सत्यनारायणाऐवजी विंचसाठी वापरतो.

विंच म्हणजे काय? विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. तो गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवा आणि त्याला बॅटरीवर चालणारी मोटर लावा. झाला विंच. त्याच्या ढोलावर दोर गुंडाळलेला असतो. गाडी चिखलात रुतली की दोर ओढत पुढे न्यायचा, टोकाचा हुक कशाला तरी अडकवायचा आणि बटण दाबायचं. मोटर दोर गुंडाळत जाते आणि गाडी स्वतःच स्वतःला बाहेर ओढते.

'कशाला तरी' हे दोन शब्द मी बावीस वर्षं असेच घाईघाईनं म्हणत आलो.

विंच घेणारे माझे बहुतेक लोक शहरातले. रविवारी टेकडीवर जाऊन मुद्दाम चिखलात गाडी घालणारे. विंचची ताकद विचारण्याआधी ते त्याचा रंग विचारतात. भागवत आणि आबा वेगळे होते. ते ऐन उन्हाळ्यात आले. भागवतकडे सरकारी लिलावात घेतलेली एक जुनी फोर बाय फोर जीप होती. बाजारच्या दिवशी तो तिच्यात माणसं न्यायचा, एरवी मेंढरं. आबा म्हणजे सोपानबाबा, त्याचे वडील. पांढरा पटका, अंगानं वाळलेले, आणि त्या उन्हातही खांद्यावर घोंगडी.

"विंच कशाला हवाय?" मी विचारलं.

भागवतनं आबांकडं बोट केलं. "ह्यांच्यापायी."

"माझ्यापायी नाय," आबा म्हणाले. "ह्याला खाट उचलायचा कटाळा."

पाचोडच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत, त्यांची वस्ती. धनगरांची आठ घरं. मधली वाट काळ्या रानातून जाते. मागच्या पावसाळ्यात आबांच्या छातीत कळ आली, तेव्हा जीप दाराबाहेर निघाली आणि वाटेत बसली. चौघांनी आबांना बाजेवर घालून सडकेपर्यंत आणलं. डॉक्टर म्हणाले, या वेळेस नशीब जोरावर होतं. पुढच्या वेळी तासाच्या आत आणा.

"म्हणून विंच," भागवत म्हणाला. "एक तास हाय आमच्याकडं, शेठ. त्यातला अर्धा तर गावच्या सडकंवरच जातो."

तर गिऱ्हाइकाची गरज अशी स्वच्छ होती. आणि मी माझं काम चोख केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. भरलेल्या गाडीचं वजन काढायचं आणि त्याच्या दीडपट ओढणारा विंच घ्यायचा, हा आमचा हिशेब. पण काळी माती चाकाला नुसती धरत नाही, ती चाक चोखते. म्हणून मी एक साइज वरचा दिला. डब्यावर छापलेली ताकद ढोलावर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असताना मिळते, थर वाढले की ती घटते, म्हणून दोर होईल तेवढा बाहेर काढायचा, हेही समजावलं. भागवतला पोलादी दोर हवा होता. मी म्हटलं, पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, समोरच्या माणसाचा पाय नेतो. सिंथेटिक घे. हलका असतो, तुटला तरी जागीच पडतो. फक्त त्याला दगडाच्या धारेवर घासू देऊ नको.

आबांनी सिंथेटिक दोराचं टोक हातात घेतलं, बोटांनी उकलून पाहिलं. जन्मभर त्यांनी लोकरीचं सूत काढलं होतं, दोर वळले होते.

"ह्यो कुणी वळला?"

"मशीननं, आबा."

"मशीनला येतंय की वळायला," ते म्हणाले. ही त्यांची पसंती.

विंच बसला. मग माझा प्रयोग. दुकानासमोर एक जुना कडुलिंब आहे. नव्या विंचचा दोर मी त्याच्या बुंध्याला पट्टा गुंडाळून बांधतो, गाडीचा हँडब्रेक लावतो आणि गाडीला रस्त्यावरून घसपटत झाडापर्यंत आणतो. येणारे-जाणारे थांबतात. चहावाला थांबतो. मी एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातानं आकाशाकडे इशारा, असा उभा असतो. त्या दिवशी पंधरावीस माणसं जमली होती. जीप कुरकुरत लिंबाला येऊन टेकली आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या विरल्यावर आबा पुढे आले. "महाराज, कीर्तन झालं आसंल तर एक इचारू का?"

"विचारा की."

"आमच्या वाटंला झाडच नाय. एक बाभळ हाय, ती पार वढ्याच्या कडंला. ह्यो हुक आडकवायचा कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. चार वाक्यांचं उत्तर आहे. पण समोर पंधरावीस माणसं होती, सगळ्यांचे कान माझ्याकडे होते, आणि माझ्या जिभेवर दुसरंच काही येऊन बसलं होतं.

"आबा, त्यात काय एवढं! तुम्हालाच उभं करू आणि तुम्हालाच बांधू. तुम्हाला हलवायची विंचची काय बिशाद!"

लोक खो खो हसले. सगळ्यांत जास्त आबा हसले, गुडघ्यावर थाप मारून. हसले नाहीत ते फक्त सलीमभाई. ते माझे फिटर, दुकान उघडल्यापासून माझ्याबरोबर आहेत. त्यांनी पान्हा पुसत हळूच म्हटलं, "शेठ, बाबा सही बात पूछे. इनकू बता दो."

"हो हो, सांगतो. चहा होऊ दे."

चहा झाला. मग आणखी एक गाडी आली, मग एक फोन. भागवत आणि आबा निघून गेले. सांगायचं राहून गेलं.

आता काउंटरपाशी उभा राहून भागवत त्या सकाळचं सांगत होता. आवाज न चढवता, जणू गाडीचा बिघाड सांगतोय.

तीन दिवस झड लागली होती. सकाळी आबांना घाम फुटला. दहा मिनिटांत त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. वाटेच्या मधोमध जीप बसली, चेसिस मातीला टेकली. ते त्यानं गृहीतच धरलं होतं. त्यानं ढोलाचा खटका सोडला आणि दोर ओढत नव्वद फूट पुढे गेला. दोर संपला. हुक हातात होता आणि चारी बाजूंना नुसतं सपाट काळं रान.

"मग?"

"मेंढवाड्याच्या पहारी आनल्या. तीन ठोकल्या, एकीमागं एक. विंच वढला की लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. परत ठोकल्या. परत निघाल्या. मग ट्रॅक्टर बघाया एकाला पळवला, तर ट्रॅक्टर पल्याडच फसला."

"आणि आबा?"

भागवतच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसूच होतं ते.

"आबा काचंतून बघत व्हते. मी जवळ गेलो तर म्हणले, त्या महाराजाला फोन लाव. म्हणावं, मी बसलोय, आता तू हुबा ऱ्हा."

त्यानं काउंटरवरचा रिमोट माझ्याकडे सरकवला.

"तुमाला लावला व्हता फोन, शेठ. दोनदा. तुमी कामात असताल."

मला ते मिस्ड कॉल आठवले. त्या सकाळी पावसानं जरा उघडीप दिली होती आणि मी लिंबाला दोर बांधून दोघा हौशी मित्रांना प्रयोग दाखवत होतो. प्रयोगाच्या वेळी फोन मी आत गल्ल्यात ठेवतो, नाही तर रंगाचा बेरंग होतो. संध्याकाळी मी उलट फोन केला होता. कुणी उचलला नाही. काम असेल तर परत करील, म्हणून मी सोडून दिलं.

"शेवटी काय केलंस?"

"मलाच सुचलं. खड्डा घेतला, स्टेपनी पुरली, तिला हुक लावला. निघाली गाडी. एका झटक्यात निघाली. विंच लई चांगला हाय, शेठ." तो थांबला. "पर तवर दीड तास गेला व्हता. आबाबी गेले व्हते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हणनार? घड्याळाकडं बघितलं त्यांनी."

स्टेपनी पुरणं. आबांच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. कंबरभर खड्डा वाटेला आडवा घ्यायचा. त्यात स्टेपनी किंवा लाकडाचा ओंडका गाडीकडच्या उभ्या भिंतीला टेकवून ठेवायचा. त्याला पट्टा बांधून, एक अरुंद चर खणून तो पट्टा गाडीच्या दिशेला बाहेर काढायचा आणि खड्डा बुजवून तुडवायचा. ओढ त्या सगळ्या मातीवर पडते आणि माती हलत नाही. इंग्रजीत याला 'डेड मॅन' म्हणतात. भागवतला मी ते नाव सांगितलं नाही.

"चूक माझी आहे, भागवत," मी म्हणालो. "विंच मी परत घेतो. तू म्हणशील ते करतो."

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "परत कशाला? म्हातारी हाय की वस्तीवर. सात घरं आनखी हायेत. मी आबाचाच सवाल घिऊन आलोय. खड्डा खंदायला येळ जातो. दर येळेला हुक आडकवायचा कशाला, तेवढं सांगा."

मी सलीमभाईंकडे पाहिलं. ते आधीच मागच्या भंगारातून ट्रकच्या जुन्या रिम बाहेर काढत होते.

रविवारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. बुजवलेल्या त्या खड्ड्याची माती अजून वेगळी दिसत होती. भागवत तिच्यावर पाय न देता वळसा घालून गेला, मग आम्हीही तसेच गेलो. वाटेचा वाईट तुकडा दोरानं मोजला आणि दर ऐंशी फुटांवर एक अशा नऊ रिम कंबरभर खोल पुरल्या. प्रत्येकीला एक साखळी अडकवली, तिचं टोक मातीच्या एक वीत वर ठेवलं आणि पावसात दिसावं म्हणून त्याला पांढरा रंग दिला. खणलं वस्तीवरच्यांनीच. माझ्या हातातलं फावडं एका बाईनं काढून घेतलं. मी चुकीचं धरलं होतं.

दुपारी भागवतच्या आईनं चहा आणला. कपाळ मोकळं. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमीच का ते महाराज?"

मी मान हलवली. जे येईल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच मी आलो होतो.

"लई सांगायचे तुमचं," ती म्हणाली. "बाजारात, सोयऱ्याकडं, लग्नात. 'मला खुट्यासारखं हुबं करतो म्हणला त्यो.' आन् सोताच हसत बसायचे. च्या घ्या. निवंल."

मी चहा घेतला. कप विसळून दिला आणि उरलेल्या साखळ्या रंगवायला बसलो.

संध्याकाळच्या आत चाचणी घेतली. टँकरनं पाणी सोडून वाटेचा चिखल केला, जीप मुद्दाम फसवली. भागवत उतरला, दोर ओढला, पहिल्या साखळीला हुक लावला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जीप कोरड्यावर आली. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"अकरा मिनटं," तो म्हणाला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तेव्हापासून दुकानात गाडीचं वजन मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्या वाटेवर उभं असं काय आहे? झाड, खडक, काहीही; फक्त विजेचा खांब नको. काहीच नसेल तर त्यांना शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेतो, हातात फावडं देतो आणि स्टेपनी पुरायला लावतो. पाऊण तास जातो. निम्मी गिऱ्हाइकं मधेच उठून निघून जातात. सलीमभाई म्हणतात, "शेठ, धंदा कम हो रा." होऊ दे. लिंब दुकानासमोर तसाच आहे. त्याच्या सावलीत आता थांबलेल्या लोकांसाठी खुर्च्या टाकल्या आहेत. फोन माझ्या खिशात असतो.

विंच घेणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकद, दोर सिंथेटिक, बॅटरी नवी. आणि विकणाऱ्यांना एवढंच: गिऱ्हाइकानं काही विचारलं तर आधी उत्तर द्यावं. विनोद नंतर केला तरी चालतो.