चाकं आधी विकली

मालकाची मोटार मेली, असंच गावात सगळे म्हणाले. बंद पडली, बिघडली असं कुणाच्या तोंडी आलं नाही. कुण्या साहेबाकडून जुनीच घेतलेली हिरवी गाडी होती ती. मालक, म्हणजे गावचा जमीनदार, तिच्यात बसून नेरच्या कापूस बाजारात निघाला की रस्त्यावरच्या बैलबंड्या बाजूला व्हायच्या. एका उन्हाळ्यात तिचं इंजिन तडकलं, मिस्त्रीनं हात टेकले आणि ती मालकाच्या कापसाच्या कोठ्याला लागून छपराखाली जाऊन पडली. पुढं दोन-तीन वर्षं कोंबड्या तिच्या गादीवर अंडी घालत होत्या. आमच्या वस्तीतला कुणी तोवर मोटारीच्या गादीवर बसला नव्हता, कोंबड्या मात्र रोज बसत.

मी त्या गावात सून होऊन आले त्याच्या आधीच वस्ती नागपूरहून दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव नाल्यात सोडले आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. यात सगळ्यांत पुढं माझे सासरे, मामाजी. गावात कुणाचाही बैल पडला की पहिली हाक त्यांनाच यायची, उभा जन्म त्यांनी तेच केलं होतं. दीक्षेवरून आल्यावर त्यांनी सुरी आणि दोर पडक्या विहिरीत टाकून दिला आणि अंघोळ करून पांढरं धोतर नेसलं, असं वस्तीत सगळे सांगत. सांगताना माणसांचे आवाज बदलत, म्हणून मला ते खरं वाटायचं.

गावानं त्याचं उत्तर दिलं. निंदणाला, कापूस वेचायला आम्हाला बोलावणं बंद झालं. आम्ही बाया अंधारातच उठून दुसऱ्या गावांच्या वावरात जायचो. नवरा हंगामात नेरच्या जिनिंगमध्ये कामाला असायचा. तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली तो पाने चालवायला शिकला होता, इंजिनाचं पोट उघडून पुन्हा लावून द्यायचा. पण जिन बंद झाला की तोही घरी आणि पोटाला चिमटा. महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागेची ही गोष्ट आहे. लोक पेढे वाटत होते म्हणे, आमच्या वस्तीत काही ते पोचले नाहीत.

अशा एका उन्हाळ्यात मालकाचा गडी आमच्या दारात आला. मालकाला छपराखालची जागा मोकळी हवी होती. नवरा गेला, मीही मागं गेले, कारण मालकाकडून माणूस काय ऐकून येईल याचा नेम नसायचा. मालक ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. गडी हसू दाबत होते, तेव्हाच मला कळलं की काहीतरी ठरवून चाललं आहे.

"मेलेलं ढोर न्याले आता तुमाले लाज वाटते," मालक म्हणाला. "हे तं ढोर नोहे, मोटार हाये. तुमचाच हक्क हाये. ओढून न्या आन खा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्यानं मात्र मान खाली घातली नाही. तो मोटारीकडं पाहत होता. त्याला तिथं पितळ दिसत होतं, तांबं दिसत होतं, चाकांवरच्या कमानीचे पोलादी पाटे दिसत होते.

"फुकट नाही पाह्यजे, मालक," तो म्हणाला. "इकत घेतो. आन ओढत नाही नेत. अठीच खोलतो."

मालकानं कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग त्यानं आकडा सांगितला आणि नवऱ्यानं तो कबूल केला. माझे माहेरचे चांदीचे गोठ त्यात गेले. मी हातातून काढून दिले तेव्हा रडले नाही. उलट छाती फुगली होती माझी. मालकाच्या दारातली वस्तू आमच्या माणसानं पैसे मोजून घेतली, असं त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं.

मामाजी अंगणात शिंदीचे झाडू बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या दारातलं मेलेलं आणून फाडाचं, इकाचं. दुसरं काय करत होतो आपून?"

नवऱ्यानं समजावलं की हे लोखंड आहे, नेरचा मिस्त्री रात्रंदिवस हेच करतो आणि लोक त्याला राम राम घालतात.

"त्याले गावानं बलावलं नाही," मामाजी म्हणाले. "तुले बलावलं, आन तू गेला."

नवरा पाने पोत्यात भरू लागला. माझ्याजवळ बोलायला बरंच काही होतं, पण सासऱ्यासमोर तेव्हा सून एवढं बोलत नसे. मामाजींनी त्याच दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले. त्या पैशाचा दाणा मी खाणार नाही, म्हणाले.

सासू माझी आधीच वारली होती, त्यामुळं दोन्ही चुली माझ्याच गळ्यात. मामाजी झाडू विकायला नेरच्या बाजाराला पायी जायचे आणि फडक्यात बांधून ज्वारी आणायचे. त्यांचा डबा वेगळा, तवा वेगळा, मिठाचं मडकंसुद्धा वेगळं. त्यांच्या चुलीशी जाण्याआधी मला राखेनं हात घासावे लागत. हात पुढं करून दाखवायचे आणि मग पीठ घ्यायचं. मला याचा भयंकर राग यायचा. गावानं आम्हाला जे केलं तेच हा म्हातारा माझ्या घरात मला करतो आहे, असं मी नवऱ्याला म्हणायची. एकदा राहवलं नाही, तोंडावरच विचारलं की मामाजी, मी बाटली का? ते म्हणाले, तू नाही बाई, तो पैसा. मला ते पटलं नाही, पण त्या दिवशी मी आणखी भांडले नाही. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते. झाडूला तरी किती पैसे येणार? कधी ज्वारी, कधी नुसती मिरची आणि पाणी.

इकडं मोटार खोलली जात होती. मालकाच्या विहिरीला शिवायचं नाही, पाणी घरून न्यायचं, जनावरं चरायला बाहेर पडल्यावर यायचं आणि ती परतायच्या आत निघायचं, अशा अटी होत्या. नट गंजून एकजीव झाले होते. नवरा त्यांच्यावर घासलेट सोडायचा, दुसऱ्या दिवशी पाना लावायचा, तरी नाही फिरला तर छन्नी आणि हातोडा. मी निघालेला माल घासलेटनं धुऊन पोत्यात भरायची आणि डोक्यावर घेऊन वस्तीत यायची. हाताच्या भेगांत काळं तेल बसलं ते राखेनंही निघेना. नवऱ्याच्या अंगठ्याचं नख छन्नीखाली गेलं, त्यावर त्यानं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं.

माल खपत होता, हे नाकारून चालणार नाही. पितळी रेडिएटर यवतमाळच्या भंगारवाल्यानं घेतला. कमानीचे पाटे लोहारानं कुऱ्हाडी आणि विळ्यांसाठी नेले. एक दिवा वाजंत्रीवाल्यांनी वरातीसाठी नेला, तो पेटायचा नाही, पण ते म्हणाले शोभेला चालेल. बिडाचं इंजिन फोडून तुकड्यांनी विकलं. आमच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाशी ज्वारी भरलेली होती, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि चाकं. ती तर सगळ्यांत आधी गेली. नेरच्या एका बंडीवाल्याला टायरची बंडी करायची होती आणि पेरणीच्या आत हवी होती. त्यानं रोख पैसे दाखवले. नवऱ्यानं मोटार दगडांवर चढवली, चारही चाकं काढून दिली. त्या दिवशी घरात गूळ आला, मला नवं लुगडं आलं. आम्ही खुशीत होतो. मोटार खोलताना चाकं शेवटी काढायची असतात, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं, पण ज्याच्या घरात दाणा नसतो तो आधी खपणारी वस्तू आधी विकतो. आम्हीही तेच केलं.

दिवाळीपर्यंत मोटारीचा नुसता सांगाडा उरला, दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि मधल्या आडव्या. हाच सगळ्यांत किमती. नेरच्या जिनवाल्याला त्यावर पाण्याची टाकी बसवायची होती, पण त्याला तो अखंड हवा होता. वस्तीपर्यंत आला की तो बंडी पाठवणार होता. मालकाच्या दारात बंडी लावायला मात्र तो तयार नव्हता. गावातल्या भानगडीत त्याला पडायचं नव्हतं.

तेवढ्यात मालकाचा निरोप आला. नवा कापूस येतो आहे, रविवारपर्यंत जागा मोकळी करा, नाहीतर सांगाडा माझा. नवऱ्यानं बैलजोडी भाड्यानं मागितली. कुणी दिली नाही. मालक म्हणाला, असल्या कामाला बैल जुंपले तर बिथरतात. तुकडे भंगारात तरी जातील म्हणून नवऱ्यानं शेवटी सांगाडा कापायलाही घेतला. करवतीची पाती एकामागून एक तुटली आणि लोखंडावर नुसती बोटभर खाच पडली.

मग तो वस्तीतल्या माणसांकडं गेला. खांद्यावर उचलून नेऊ, दोर लावायचा नाही, असं त्यानं विनवलं. वस्तीतले एक वडीलधारे, जे विहारात वंदना घेत, त्यांनी सगळ्यांच्या वतीनं सांगितलं. मालकाच्या दारातून आपण काही खांद्यावर नेलं काय किंवा ओढून नेलं काय, पाहणाऱ्याला एकच दिसतं, आणि मालकानं तेच दाखवायला हे मांडलं आहे. ते चुकीचं बोलत नव्हते. 

रविवारी आम्ही दोघंच गेलो. बाभळीचे ओंडके सांगाड्याखाली सारले, दोर बांधला आणि ओढू लागलो. सांगाडा हातभर सरकला आणि रुतला. पुन्हा ओढलं, दोर सुटला, मी तोंडावर पडले. गल्लीत माणसं जमली होती. कुणी हसत नव्हतं, आणि हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आधी ठाऊक असलेली गोष्ट पाहावी तसे पाहत होते. चाकं असती तर दोघांनी हसत-हसत ढकलत नेला असता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी मनातल्या मनात त्या गुळाला, लुगड्याला शिव्या घातल्या.

आम्ही कितीदा पडलो-उठलो कोण जाणे. मान वर केली तर मामाजी उभे. शिंदीच्या पात्यांचे तुकडे अजून धोतराला चिकटलेले होते. त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला.

"दोर असा नसते बांधत," ते नवऱ्याला म्हणाले.

नवरा म्हणाला, बा, तू घरी जा. त्यांनी ऐकलं नाही. खाली बसले, सांगाड्याला दोन वेढे दिले, गाठ मारली. हात जराही अडखळले नाहीत. मग दोर खांद्यावर घेतला, पुढं वाकले आणि म्हणाले, चाल. सांगाडा हलला. मी ओंडके मागून काढायची आणि पुढं टाकायची. दोघं बापलेक ओढत होते. गल्लीतल्या बायांनी पोरं आत ओढून घेतली. एका ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं, ढोर निघालं की देतात तशी हटा, हटा अशी हाळी दिली. त्यानं ती मुद्दाम दिली असंही मला वाटत नाही, सवयीनं तोंडातून निघाली.

गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा मालकाचा गडी मागून धावत आला. त्याच्या हातात सूपभर ज्वारी होती. ढोर ओढून नेलं की मालकाकडून सूपभर ज्वारी यायची, ही जुनी रीत. नवरा ओरडला, बा, नको घेऊ. मामाजी धापा टाकत होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि ज्वारी ओतून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

"ओढलं तं ओढलं," ते म्हणाले. "आता कायले दोन चुली, बाई? हेच दळ. सगळ्यायचं एकातच कर."

मी दळली. नवरा ताटावरून उठून गेला. मामाजी माझ्या चुलीपाशी बसून सावकाश जेवले, दुसरी भाकर मागून घेतली. त्यांनी माझ्या हातचं खावं म्हणून मी उन्हाळाभर, पावसाळाभर धुसफुसले होते. आता ते खात होते आणि मला त्यांच्याकडं पाहवत नव्हतं. त्यानंतर ते कधी विहारात गेले नाहीत आणि वस्तीतून त्यांना बोलवायला कुणी आलं नाही.