पट्टी घे, हात लावू नको

"हात नको लावू, हर्ष. पट्टी घे."

विज्ञानाच्या मॅडम हे सहज म्हणाल्या. खिडकी लाव म्हणावं, तसं. मी पाचवीत होते. उभी होते. पाण्याची वाफ कशामुळे होते, हा आदल्या दिवशीच्या धड्यातला प्रश्न. मला उत्तर आलं नव्हतं, हर्षला आलं होतं. माझ्या आधी उभ्या असलेल्या पोराला त्यानं हातानं चापट मारली. हलकी, हसत हसत. तो पोरगाही हसला. मग हर्ष माझ्यासमोर आला. त्याचा हात वर गेला होता. मॅडमनी तो वरच थांबवला.

पट्टी लाकडी होती. गालावर सपकन बसली.

पट्टी हातापेक्षा जास्त लागते. पण लागण्याचं मी सांगत नाही. मारायलासुद्धा शिवायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते कोणत्याच धड्यात नव्हतं.

रोज विज्ञानाचा तास असा सुरू व्हायचा. पहिली पाच मिनिटं उजळणी. काल काय शिकलो, दोन-तीन प्रश्न. येत नाही तो उभा. येतं त्यानं उभ्यांना एकेक चापट मारायची. मॅडम स्वतः कुणाला मारत नसत. पालकांना अभिमानानं सांगायच्या, "मारायला बंदी आहे. कायदा आहे. मी कधी कुणाला बोट लावलेलं नाही. मुलं आपसात खेळतात." कायदा त्यांनी असा पाळला. आमचेच हात वापरून.

शाळा बुऱ्हाणपुरातली, खाजगी, फीवाली. गरिबांच्या मुलांसाठी तिथे काही मोफत जागा ठेवाव्या लागतात. सोडतीत माझा नंबर लागला आणि सपनाचा. सपना आमच्याच गल्लीतली. दोघींचे बाप पावरलूमवर. दोघी बौद्ध. वर्गात आम्हाला नावं नव्हती. "मोफतवाल्या" म्हणत. हर्षच्या घरी केळीचा व्यापार होता, आणि शाळेच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत त्याच्या बापाची खुर्ची असायची.

माझा मामा लूम कामगारांची पत्रकं वाटायचा. उरलेली पत्रकं आमच्या घरी यायची. आई त्यांची पुस्तकांना कव्हरं घालायची. कागद जाड असतो, टिकतो, म्हणायची. मी वाचायला शिकले ती त्या कव्हरांवर. 'मागणी' हा शब्द मला 'विनंती'च्या आधी कळला.

पट्टी खाल्ल्यानंतर मी ठरवलं, पुन्हा उभं राहायचं नाही. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी त्या दिवसाचा विज्ञानाचा धडा मोठ्यानं म्हणायचे. सपनाला समोर बसवून प्रश्न विचारायचे. ती सगळी उत्तरं द्यायची. घरी. वर्गात तिच्या तोंडून आवाज निघत नसे.

मला उत्तरं येऊ लागली. मी हात वर करायचे. मॅडम विचारायच्या, मी सांगायचे, बरोबर असायचं. मग मॅडम म्हणायच्या, "हां. बैठ." आणि उभ्या असलेल्यांना मारायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायच्या. उत्तर माझं, चापट दुसऱ्याची. असं कितीतरी वेळा झालं. एकदा मी बसले नाही.

"मॅडम, माझी बारी आहे ना?"

"कसली बारी?"

"मारायची."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "फुकट शिकतेस ते पुरत नाही का? आता मारायलाही पाहिजे?"

हो, मला मारायचं होतं. हर्षच्या गालावर माझा हात बसलेला मला पाहायचा होता. याची मला तेव्हा लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. वर्गाचा नियम मी केलेला नव्हता. नियम सगळ्यांना एकच हवा, एवढंच मला समजत होतं.

आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. वळलीसुद्धा नाही.

"गप ऱ्हा माय. तोंड चालवलं तं शाळेतून काढतीन. मंग बसशीन माह्यासारखी कांड्या भरत."

लूमवर धोट्यात घालायची सुताची कांडी आई दिवसभर भरायची. तिचं बोलणं खरं होतं. म्हणून मी गप्प राहिले. मग बऱ्याच दिवसांनी उजळणीत हा प्रश्न आला.

"केळीचं बी कुणी पेरत नाही. मग नवी केळ येते कशापासून?"

बुऱ्हाणपुरातला वर्ग, अर्ध्या पोरांच्या डब्यात केळी, आणि कुणाला येईना. धडा कालच झाला होता. एकेक करून पोरं उभी राहिली. हर्ष उभा. त्याच्या मागचे दोघं उभे. पूर्ण बाक उभे. सपना उभी. हात एकच वर होता. माझा.

मॅडमनी मला लगेच विचारलं नाही. वर्गावरून नजर फिरवली, दुसरा हात शोधला. नव्हता.

"सांग."

"कंदापासून."

बरोबर होतं. आता नियमाप्रमाणे मी उठायला हवं होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हर्षचे कान लाल झाले होते. तो मॅडमकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्याला ठाऊक होतं, कुठे बघायचं ते.

मॅडमनी टेबलावरची पट्टी उचलून माझ्या हातात दिली.

"जा. सपनाला मार. बाकीचे बसा. तुमचं मी नंतर बघते."

सगळे बसले. बाक सरकल्याचा आवाज झाला. सपना एकटी उभी राहिली. मी तिच्यापर्यंत गेले. तिनं गाल पुढे केला. मला सोपं व्हावं म्हणून थोडी वाकली. हळूच म्हणाली, "मार ना. पटकन मार. होऊन जाऊ दे."

तो वाकलेला गाल मी विसरलेले नाही. कुणी शिकवलं होतं तिला वाकायला? दहा-अकरा वर्षांच्या पोरीला?

मी पट्टी खाली केली.

"नाही मारणार."

"क्या बोली?"

"बाकीचे का बसले? त्यांनाही येत नव्हतं."

"उलटून प्रश्न विचारतेस?"

"तुम्ही रोज विचारता."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मॅडमचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "हर्ष बेटा, इधर आ. दोघींना लाव. पट्टीनं."

ज्याला उत्तर आलं नव्हतं तो मारायला आला. त्यानं माझ्या हातातली पट्टी ओढली. मी सोडली नाही. त्यानं जोर लावला. मी दोन्ही हातांनी धरली. तेव्हा पहिल्यांदाच त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. त्यानं चटका बसल्यासारखा हात काढला आणि शर्टाला पुसला.

पट्टी माझ्याकडे राहिली. मी त्याला मारलं नाही. ती खिडकीतून बाहेर टाकली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. ऑफिसात खुर्च्या होत्या, वडील उभे होते. त्यांनी हात जोडले. मुख्याध्यापक म्हणाले, "माफी मांगो." मी मागितली नाही. वडिलांनी माझं डोकं धरून खाली दाबलं. मान वाकली, तोंड उघडलं नाही. घराच्या दारात आल्यावर वडील म्हणाले, "मी वाकलो तं तुला वाकायला काय झालं?" याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी त्यांना दिलं नाही. ऑफिसात एवढं ऐकल्यावर तेही त्यांना ऐकावं लागू नये, असं वाटलं.

शाळेनं काढलं नाही. त्याहून सोपं काहीतरी केलं. वर्ष संपेपर्यंत उजळणीची पाच मिनिटं मी वर्गाबाहेर उभी. प्रश्न ऐकू यायचे. पहिल्या दिवशी मी बाहेरूनच मोठ्यानं उत्तर दिलं. मॅडमनी दार लावून घेतलं.

आत सपना एकटी उरली. तिनं चार-सहा दिवस काढले आणि शाळा सोडली. आता कांड्या भरते. इतक्या वर्षांनी परवा तिला विचारलं, "खरंच येत नव्हतं तुला त्या दिवशी?"

"येत होतं की. कंद. तूच तं घोकून घेतलं व्हतं."

"मग हात का नाही वर केला?"

"हात वर केला का सगळे पाह्यतात," ती म्हणाली. "मार खाल्ला का लगेच विसरतात."

मी आता धूलकोटकडच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षक आहे. अतिथी म्हणजे दर वर्षी नव्यानं ठेवायचं, नको असेल तर ठेवायचं नाही. मी विज्ञान शिकवते. रोज पहिली पाच मिनिटं उजळणी घेते. उजळणी चांगली गोष्ट आहे. काल शिकलेलं आज पुन्हा ओठांवर आलं की टिकतं. गुन्हा उजळणीचा नव्हता. माझ्या वर्गात सगळी पोरं पाटीवर उत्तर लिहितात, शेजारच्याची पाटी बघतात, चुकलेलं पुसतात, पुन्हा लिहितात. कुणी उभं राहत नाही. हेडसर म्हणतात, "डर के बिना कुछ याद नहीं होता." मी म्हणते, भीतीनं सगळं माझ्या लक्षात राहिलंय सर, आणि तेच वाईट झालंय.

पुढच्या आठवड्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. विषय, विज्ञानाची दैनंदिन उजळणी. शिकवायला कोण येणार, ते हेडसरांनी सांगितलं. त्याच मॅडम. निवृत्त झाल्यात, आता पद्धत शिकवत फिरतात. माझा चेहरा बघून हेडसर म्हणाले, "वहां चुप बैठना. अतिथी हो."

मी गप्प बसणार नाही. सगळ्या शिक्षकांसमोर उभी राहून विचारणार आहे, की मॅडम, उजळणीत हात कुणाला लावायचा आणि पट्टी कुणाला, ते आधी शिकवा. उत्तर मिळेपर्यंत बसणार नाही. त्यांनी माफी मागितली तर ती सपनाच्या दारात मागावी लागेल, आणि घ्यायची की नाही ते सपना ठरवेल. माझ्याकडून मिळणार नाही. नोकरी गेली तर जाईल. या खेपेला दार लावून घेतलं, तर मी आत असेन.