डाव्या हाताची हळद

रुक्माबाईचा उजवा हात कोपराखाली गेला, तेव्हा गाव तीन दिवस हळहळलं. चौथ्या दिवशी गावाला उरलेल्या हाताचा प्रश्न पडला.

हात गेला कडबा कापायच्या यंत्रात. तामसीकडच्या त्या गावात वीज नुकतीच आली होती, आणि उजवं-डावं न पाहणारी गावातली ती पहिलीच वस्तू. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात रुक्माबाई बारा दिवस होती. पहिले दोन दिवस ती जेवलीच नाही. नर्स ताट पुढं सरकवून तेलुगूत म्हणायची, "एडम चेत्तो तिनम्मा." डाव्या हातानं खा, बाई. रुक्माबाईला शब्द कळले. पण डावा हात परसाकडच्या कामाचा. तो ताटात कसा घालायचा? तिसऱ्या दिवशी नर्सनं चमचा आणून दिला. चमचा डाव्या हातात चालतो, कारण अन्नाला बोट लागत नाही, असं तिनं आपल्यापुरतं ठरवलं. भूक लागली की शास्त्राला फट सापडते.

घरी आल्यावर सासूनं, रेणुकाबाईनं, तिला चुलीकडं, देवाकडं आणि पाण्याच्या रांजणाकडं जाऊ दिलं नाही. त्यासाठी आवाजही चढवला नाही. "तू बस वो, दमली असशीन," एवढंच म्हणायची. रुक्माबाई पाच महिने दमलेली राहिली. ओसरीत बसून ती चमच्यानं जेवायची. नसलेल्या बोटांना मुंग्या यायच्या. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नसलेल्या गोष्टीची तक्रार करायची तरी कुणाकडं?

माघात लेकीचं, सुभद्राचं, लग्न ठरलं. पाच सवाष्णींनी नवरीला हळद लावायची होती.

"पाचवी मी," रुक्माबाई म्हणाली.

रेणुकाबाई तांदूळ निवडत होती. "डाव्या हातानं?"

"दुसरा कुठं हाये, आत्याबाई?"

"त्याच हातानं तू..." पुढचं वाक्य रेणुकाबाईनं नजरेनं परसाकडं सोडलं.

"साबन हाये न घरात."

"साबनानं मळ जाते. इटाळ नाई जात."

रुक्माबाईचा नवरा मारोती दोघींच्या मधे बसला होता आणि मधेच राहिला. "चंपतरावले इचारू," म्हणाला.

चंपतराव म्हणजे गावचे माजी पटवारी. दोन वर्षांपूर्वी सरकारनं पटवारकीच रद्द केली. दप्तर तहसिलीत जमा झालं, फैसला देण्याची खोड तेवढी जमा करून घ्यायची राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेल्या हातावर गोंदलं काय होतं?"

"तुळशीवृंदावन," मारोती म्हणाला.

"मंग तेच डाव्यावर गोंदा. निशानी फिरली का हात फिरला. वावराचं नाव नाई का बदलत आपन?"

"आन मंग धुवाले कोनता हात?" रेणुकाबाईनं विचारलं.

चंपतरावांनी चष्मा काढून पुसला. "ते या मिसलीत, या कागदात नाई."

पुढं तो प्रश्न कुणी काढला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

तामसीच्या बाजारातून गोंदणारीण आणली. रेणुकाबाईनं सुनेचं कोपर धरून ठेवलं, पण धरायची गरज पडली नाही. सुया चालत राहिल्या आणि रुक्माबाई शेजारणीचं कुणी गोंदतंय तसं बघत राहिली.

"दुखत नाई का वो, बाई?" गोंदणारणीनं विचारलं.

"नाई."

"लगनाच्या वक्ती लई रडली होती ही," रेणुकाबाई म्हणाली.

"तवा हात माहा होता," रुक्माबाई म्हणाली. गोंदणारणीनं वृंदावनाचा पाया पुरा केला.

हळदीच्या दिवसापर्यंत खपली पडून हिरवी तुळस उमटली होती. चार सवाष्णींची हळद झाली. पाचवी रुक्माबाई पुढं आली तेव्हा बायकांनी हात पाहिला नाही, तुळस पाहिली. फैसल्याप्रमाणं सगळं रीतसर होतं. सुभद्रानं मान वर केली. रुक्माबाईनं तिच्या कपाळाला, गालांना, खांद्यांना हळद लावली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. नसलेली बोटं मात्र गार पडली, ओली हळद लागावी तशी.

लावून झाल्यावर रेणुकाबाई तांब्या घेऊन आली. "ये, हात धुऊन घे." तांब्या तिनं चांगला हातभर उंच धरला होता, धार पडावी आणि बोट लागू नये इतका.

रुक्माबाईनं तांब्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"राहू द्या, आत्याबाई. हळदीचा हाये. सोवळ्यातला."

हळदीला इटाळ म्हणणं रेणुकाबाईला जमण्यासारखं नव्हतं. ती तांब्या धरून उभी राहिली. रुक्माबाई तिच्या बाजूनं आत गेली, पाच महिन्यांनी चुलीपाशी बसली आणि टोपल्यातली भाकरी तिनं हातानं मोडली. भाकरीला हळद लागली होती, कडवट. आज तिनं चमचा मागितला नाही. दारातून बायका बघत होत्या. हळद सुकेपर्यंत कुणाला काही म्हणता येत नव्हतं, आणि ती सावकाश जेवत होती.