परदेशी दगड आणि डाळीचं पाणी

मार्च १९९३, रविवार दुपार. दुकानाचे नॅपकिन धुवायला घेतले होते. माझ्या नवऱ्याचं लिंबायतच्या मिल-कामगार वस्तीत दोन खुर्च्यांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं आणि नॅपकिन धुणं माझ्याकडे होतं. आठवडाभर घरी मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापून बोटं आखडायची, ती रविवारी साबणात बुडायची. तेवढाच बदल.

नॅपकिन पसरले की दुकान कसं चाललंय ते मला विचारावं लागत नसे. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकावर रक्ताचे ठिपके होते.

दिवाळीनंतर आम्ही दुकान हलवलं होतं. आधी ते उधन्याला होतं; तिथल्या मालकाला जागा परत हवी होती, म्हणून घराजवळ गाळा घेतला. तेव्हापासून गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली, वस्तरा ओढतो म्हणून. तुरटी भराभर झिजायला लागली. नवऱ्याने दोष दगडाला दिला. धार लावायचा दगड सासऱ्यांच्या वेळचा, मधोमध झिजून खोलगट झालेला, हे खरंच होतं. त्यांनी ओळखीतून मुंबईहून परदेशी दगड मागवला. साबणाच्या वडीएवढा, फिकट पिवळा, मखमलीच्या पिशवीतला. त्या पैशांत मुलीची सायकल आली असती. सायकल पुढच्या वर्षावर गेली.

दगड खोटा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यावर वस्तरा फिरवून, चामड्याच्या पट्ट्यावर ओढून, त्यांनी माझ्या डोक्यातला एक केस उपटला आणि पात्याला नुसता टेकवला. केस तुटला.

"बघ!"

"बघितलं. पुढचा केस दुसऱ्या कोणाचा घ्या, माझे थोडेच राहिलेत."

केस तुटत होता, तरी गालावर रक्त येतच होतं.

त्या रविवारी सकाळी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला मुकादम दाढीला आला होता. आमच्या धुळ्याकडचाच. तो ज्या दुकानात बसतो त्याच दुकानात त्याच्या हाताखालची सगळी माणसं बसत. खुर्चीतूनच तो ओरडला, "भाऊ, दाढी करी ऱ्हायना का कोंबडी सोली ऱ्हायना?" सगळे हसले. जाताना मात्र त्याने हसू आवरून सांगितलं, "उद्या पोरीला पाहायला पाहुणे येणार आहेत. सकाळी येतो. उद्या रक्त निघालं तर नाक्यावर ब्लेडवाला बसलाय. माझी माणसंही तिकडेच."

हे नवऱ्यानेच जेवताना सांगितलं आणि ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवली. तो गेला तर दुसरी खुर्ची कशाला ठेवायची, एवढाच प्रश्न उरणार होता.

तर नॅपकिन. सकाळचं नळाचं पाणी संपलं होतं, म्हणून बोअरचं काढलं. साबण घासघास घासला, फेस काही येईना. वर नासलेल्या दुधासारखी करडी साय धरली. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या गल्लीत बोअरच्या खाऱ्या पाण्यात कोणी डाळ शिजवत नसे. दिवसभर चूल जाळली तरी दाणा कडकच राहतो. नळाच्या गोड्या पाण्याचा एक हंडा प्रत्येक घरात डाळीसाठी बाजूला झाकलेला असे.

मग हात थांबला. उधन्याच्या दुकानात आत नळ होता. इथे दाराबाहेर बोअरचा हातपंप.

संध्याकाळी चहा देताना मी म्हणाले, "अहो, तुमचा दगड चांगला आहे. पाणी वाईट आहे."

"म्हणजे?"

"ज्या पाण्यात डाळ मऊ होत नाही त्यात दाढी कशी होईल? ब्रशने फेस काढता तो टिकतो का?"

"साबण हल्ली भेसळीचा येतो."

"उधन्याला हाच साबण होता."

"बाई, माझ्या बापाने मला वस्तरा शिकवला. आता तू डाळीवरून शिकव."

मी कप उचलले. वाद घालायला अंगात ताकद लागते, ती त्या दिवशी नव्हती.

सोमवारी पहाटे नळ आल्यावर डाळीचं पाणी हंड्याऐवजी डब्यात भरलं, दुकान उघडताच तिथे नेलं, बादलीतलं खारं पाणी गटारात ओतलं आणि बादलीत हे भरलं. ते पट्ट्यावर वस्तरा ओढत होते. बघितलं आणि ओढतच राहिले. मी धागे कापायला घरी आले.

दुपारी जेवायला आले ते शीळ घालत. मुकादमाने गालावरून दोनदा हात फिरवला म्हणे, आणि म्हणाला, "दगड भारीच आणलास रे भाऊ." मागून त्याची चार माणसं बसली. घाईत त्यांच्या दाढ्या दुसऱ्या वस्तऱ्याने केल्या, ज्याची धार अजून जुन्या दगडावरचीच होती.

"डाळ कच्ची आहे," ते म्हणाले.

"हो. तिचं पाणी दुकानात गेलं."

"चावत नाही."

"परदेशी दगड आहे ना, त्यावर घासून घ्या."

त्यांनी वाटी बाजूला सारली आणि लोणच्याशी भाकरी खाल्ली.

संध्याकाळी रविवारची वाट न बघता सोमवारचे नॅपकिन मागवून घेतले. एकावरही ठिपका नव्हता. मुकादमाचा कोणता आणि जुन्या दगडावरच्या वस्तऱ्याचे कोणते, मी उलटसुलट करून पाहिलं, ओळखता आलं नाही. दगडाबद्दल माझं मत तेव्हा ठरलं ते आजही तेच आहे. धार दोन्ही लावतात. गालाला त्यातला फरक समजत नाही, पाण्यातला समजतो. हे मी त्यांना बोलले नाही. सायकल काही त्याने येणार नव्हती.

दिवा मालवायच्या आधी त्यांनी मखमलीच्या पिशवीची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तो डबा उद्याही लागेल ना तुला?"

"मला नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या नळाला धार लागल्याचा आवाज आला. मी उठले, रिकामा डबा आणि हंडा त्यांच्या उशाशी आणून ठेवला, "पाणी आलंय, रांग मोठी आहे," एवढं सांगितलं आणि परत आडवी झाले.