गुप्ते सरांची नकारांची फाईल

गुप्ते सर गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी राहनाळला गोडाऊनवर होतो. खरं सांगतो, रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं... आता ते कधीच विचारणार नाहीत, असं मनात आलं. त्या क्षणाची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सर आम्हाला भिवंडीच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दिवंगत लेखकांची चरित्रं लिहायचे. त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना. "लूम थांबले की माझं वाक्यही थांबतं रे," म्हणायचे. ज्या कादंबरीकारावर त्यांनी अकरा वर्षं घालवली, तो एके काळी आमच्या गावच्या, दिघाशीच्या शाळेत शिक्षक होता. माझी गुलाबआत्याही त्याच शाळेत शिकवायची. तिनं लग्न केलं नाही. तो गाव सोडून गेला, तरी शेवटपर्यंत तिला पत्रं लिहीत राहिला. तिच्या पेटीतला तो गठ्ठा मी लहानपणी पाहिला होता, आणि मोठेपणी मीच फुशारकीनं सरांना सांगून बसलो. सर खुर्चीतून उठलेच. "आणशील?" "आणतो की!"

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. बिनलग्नाच्या आत्याला आलेली पत्रं पुस्तकात छापून आली तर सोयरे काय म्हणतील, या भीतीनं मी दिघाशीला गेलोच नाही. सरांना सांगितलं, "वाळवीनं खाल्ली." सर "अरेरे" म्हणाले आणि त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. पुढे चरित्र छापून आलं. 'अखेरच्या सहा वर्षांत त्यांनी काहीही लिहिले नाही,' असं त्यात होतं. ते प्रकरण घाईत उरकलंय, असं एका समीक्षकानं लिहिलं. अकरा वर्षं, आणि घाई! सर नुसते हसले. मी समोरच बसलो होतो.

सरांचे कागद आता ठाण्याच्या एका ग्रंथालयात जायचे आहेत. यादी करायला काकूंनी मलाच बोलावलं. कात्रणं, मुलाखतींच्या वह्या, आणि एक फाईल, वर सरांच्या अक्षरात 'नाही म्हणाले'. आजवरच्या कुठल्याही चरित्रासाठी ज्यांनी ज्यांनी माहिती द्यायला नकार दिला, त्या प्रत्येकाची एकेक चिठ्ठी. कुठेही राग नाही. 'पणतूने दार उघडले नाही. आतून पापड भाजल्याचा वास येत होता. जेवणाची वेळ होती, माझेच चुकले.' वाचताना मला हसू आलं. त्याच्या पुढच्याच चिठ्ठीवर माझं नाव होतं. 'वाळवी लागली म्हणाला. खरे नसावे. बाईंची इच्छा नसेल, म्हणून बिचारा सांभाळून घेतो आहे. बाईंना त्रास देऊ नये. दिघाशीला जाऊ नये.'

दुसऱ्याच दिवशी मी दिघाशीला गेलो आणि आत्याला सगळं सांगितलं, फक्त सर गेल्याचं सोडून. आत्या ऐंशी ओलांडून गेलीय, पण कान तिखट आहेत.

"माझी इच्छा? मला कवा इचारलंस तू?"

"आत्या, लोक काय म्हणतील म्हणून..."

"भीती तुला आन् नाव माझं? मास्तरीण हाय मी, कुकुलं बाळ न्हाय!"

तिनं गठ्ठा काढून मांडीवर घेतला. शेवटची कादंबरी तो अखेरच्या सहा वर्षांत या पत्रांतूनच लिहीत होता, दर पत्रात एक तुकडा. आत्या त्यातल्या चुका काढून उलट टपाली कळवायची. "लय शुद्धलेखन चुकायचं त्याचं," ती म्हणाली, आणि लाजली. मग एकदम म्हणाली, "तुझ्या सरांना घेऊन ये. समोर बसवून सगलं सांगन."

"सर गेले, आत्या. महिना झाला."

ती बराच वेळ गठ्ठ्याच्या नाडीची गाठ सोडत राहिली... सुटली तरी बोटं हलतच होती.

"मग तू लिव," ती म्हणाली. "पन मी सांगन तसंच. तुझ्या मनाचं एक अक्षर घालायचं न्हाय."

चार दुपारी मी वहीत लिहून घेतलं. पत्रं आणि ती वही सरांच्या कागदांच्या खोक्यात ठेवली, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "तुझी चिठ्ठी काढून घे हवं तर. कोण बघतंय?"

मी ती फाईलमध्येच ठेवली. फक्त सरांच्या ओळींखाली माझ्या अक्षरात लिहिलं : बाईंना विचारलेच नव्हते.